व्हॉल्व्ह भिंतीकडे

तिने कॉफीपॉट शेगडीवर ठेवला आणि त्याच्या पोटावरचा पितळी व्हॉल्व्ह भिंतीकडे वळवला. खोडकर पोराला कान धरून कोपऱ्यात उभं करावं तसा. मग समोरच्या गिऱ्हाइकाकडे न बघताच म्हणाली, "तुम्ही इकडे या. तिथं नका उभे राहू."

"का, बंदूक आहे का ती?"

"इकडे या."

तो आला. सगळेच येतात. तिच्या आवाजात विनंतीचा सूर शोधायला गेलेला माणूस रिकाम्या हाताने परत यायचा.

बंद पडलेल्या बस आगाराच्या आवारात दर रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरत असे. बाकीचे लोक फाटकाजवळच्या जागेसाठी भांडायचे. ती एकटी अगदी मागच्या, भिंतीलगतच्या जागेसाठी भांडली होती. तिला भिंत हवी होती. बाजाराच्या कारकुनाला वाटलं, बाई चोरीचा माल विकणार.

ती विकायची ते शेगडीवरचे जुने कॉफीपॉट. ॲल्युमिनियमचे, अष्टकोनी, कमरेत आवळलेले. खालच्या डब्यात पाणी, मधल्या गाळणीत कॉफी. पाणी तापलं की वाफ त्याला वर रेटते आणि कॉफी होऊन ते वरच्या भांड्यात उतरतं. वाफ जास्त झालीच तर बाहेर पडायला डब्याच्या पोटावर तो व्हॉल्व्ह. एवढंच यंत्र. नवरा दुरुस्त करायचा, ती विकायची, आणि विकण्याआधी प्रत्येक पॉटमध्ये गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर एकदा कॉफी करून दाखवायची. त्याआधी पॉट उघडून आतून बघायची. या दोन गोष्टी झाल्याशिवाय पॉट तिच्या हातून सुटत नसे.

आज वारा होता. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून केलेला आडोसा तिने शेगडीभोवती आणखी आवळला. उघड्यावर कॉफी करायची तर निम्मं काम वाऱ्याशी भांडण्याचं. ज्योत झुकली की पॉट एका अंगाने तापतो, दुसऱ्या अंगाने थंड राहतो, आणि वर येते ती कॉफी नसते, करपट पाणी असतं. म्हणून आच बारीक. पाणी आधीच कढत घातलेलं, व्हॉल्व्ह बुडणार नाही इतकं. कॉफी गाळणीत सैल भरून बोटाने सपाट केलेली.

"आमच्याकडे चमच्याने दाबून भरतात," गिऱ्हाईक म्हणालं.

"कोण?"

"बायको."

"त्यांना सांगा, दाबू नका."

"ऐकते कुठे."

तिने मान वर केली. "मग हा नका घेऊ."

त्याला ती थट्टा वाटली. तिने शेगडीचा कान फिरवून ज्योत विझवली तेव्हा वाटली नाही. शेजारी जुनी घड्याळं विकणारा बसायचा, तो आपल्या स्टुलावरून म्हणाला, "वहिनी, गिऱ्हाईक आहे तो. आरोपी नाही."

"अजून नाही," ती म्हणाली.

शेवटी त्या माणसाने कबूल केलं की कॉफी तो स्वतःच भरेल आणि दाबणार नाही. मग तिने शेगडी पुन्हा पेटवली.

ते कसं झालं

असं झालं: एका सकाळी तिने कॉफी चढवली आणि पॉट फुटला.

किंवा, शेजारीण सांगायची तसं: आम्हाला वाटलं गॅस उडाला. जाऊन बघतो तर ही ओट्याला टेकून उभी, आणि म्हणते, माझा कप कुठे आहे.

किंवा, नवरा सांगायचा तसं. पण नवरा सांगायचा नाही. त्याला कुणी विचारलं की तो उठून पाणी प्यायला जायचा.

डावा कान तेव्हापासून नुसता शोभेला होता. कानाखालून खांद्यापर्यंत कातडी चुरगळलेल्या कागदासारखी. त्यावर ती कडक कॉलरचा शर्ट घालायची, गळ्याचं बटण लावून, उन्हाळ्यातसुद्धा. ओळखीचे लोक तिच्याशी बोलायला उजव्या बाजूला यायचे. नवरा तर घरात झोपेतून उठला तरी उजव्याच बाजूने उठायचा.

स्वयंपाकघराच्या भिंतीतून उपसलेल्या तुकड्यांत तिला नंतर व्हॉल्व्ह सापडला. बाहेरून अगदी व्यवस्थित. आतून त्याच्या तोंडावर कथलाचा एक थेंब, मसुराच्या दाण्याएवढा. कुणीतरी सोल्डर मारून तो बंद केला होता. थोडा गळत असेल. कुणाला तरी तो गळणारा थेंब खुपला असेल, आणि त्याने वाफेची एकुलती एक वाट बुजवून टाकली. वर घासून गुळगुळीतही केली.

तो पॉट नवऱ्याने जुन्या बाजारातून आणला होता. कुणाकडून, असं तिने इस्पितळातल्या खाटेवरून विचारलं. तोंडावर पट्ट्या होत्या, शब्द जेमतेम फुटत होते.

तो खिडकीकडे बघत होता.

"एक म्हातारा होता," तो म्हणाला. "टोपीवाला."

टोपीवाला

टोपीवाला त्यांच्या घरात राहायला आला आणि राहिला. दूध उतू गेलं, टोपीवाल्याने घालवलं. दिवे गेले, टोपीवाला. मुलगी नापास झाली तेव्हा तिने स्वतःच जाहीर केलं की पेपर टोपीवाल्याने तपासले. ती हसायची, मुलगी हसायची. नवराही हसायचा, सगळ्यांच्या मागून.

पण बाजारात ती हसत नसे. बाजारात तिने जागा घेतली ती त्याच्यासाठी. जो माणूस असे पॉट विकत होता, तो कधीतरी पुन्हा विकायला येईल, निदान घ्यायला येईल. तिला त्याच्याकडून काही नको होतं. तो एकदा समोर उभा हवा होता, एवढंच. त्या एवढ्यासाठी ती उन्हात, थंडीत, धुळीत दर रविवारी भिंतीशी उभी राहत होती आणि टोपी घातलेल्या प्रत्येक म्हाताऱ्याला आपादमस्तक न्याहाळत होती.

घड्याळवाल्याला हे ठाऊक होतं. टोपीवालं कुणी दिसलं की तो शीळ घालायचा.

"आला बघा, वहिनी. टोपी आहे, पण खोकत नाही."

"खोकणारा हवा."

खोकला कुठून आला ते आता आठवत नव्हतं. टोपी लोकरीची होती, नाकाशेजारी तीळ होता, बोलताना खोकायचा. यातलं बरंचसं तिनेच विचारलं होतं. लोकरीची होती का हो? नवरा म्हणाला होता, असेल. खोकत होता का? बहुतेक. असं करत करत माणूस उभा राहिला होता.

त्याला काय म्हणायचं, हे ती बोलून बघायची. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, ओठ न हलवता.

तुझ्या घरी कुणी कॉफी पीत नव्हतं का?

तुला हात आहेत, ते बघू दे.

गळत होता तर गळू द्यायचा होतास.

घासलास कशाला? बुजवलास ते बुजवलास, वर घासून छान कशाला केलास?

(हे वाक्य तिला फार आवडायचं.)

मला इकडून ऐकू येत नाही, या बाजूला येऊन बोल.

इथं उभा राहा. हलू नकोस.

वाक्यं बदलत गेली, गळत गेली. शेवटचं राहिलं.

डबा

नवऱ्याबद्दल बाजारात सगळे चांगलं बोलायचे. लग्नाच्या वेळी तो रेडिओ दुरुस्त करायचा. एका जिन्याखाली त्याचं फळकुटाचं दुकान होतं. लोक रेडिओ दुरुस्त करून घेईनासे झाले, पण दुकान बंद झालं ते त्यामुळे नाही. ती इस्पितळातून घरी आली त्याच सुमाराला त्याने ते बंद केलं आणि कॉफीपॉट दुरुस्त करायला लागला. बायकोचं असं झालं आणि हा माणूस त्याच वस्तूच्या मागे लागला, जगात एकही धोक्याचा पॉट राहू नये म्हणून. घड्याळवाल्याची बायको हे सांगताना डोळे पुसायची आणि मग आपल्या नवऱ्याकडे बघायची.

खरंही होतं ते. तो एकही जुना पॉट सोडत नसे. रद्दीवाल्यांकडे, घर रिकामं करणाऱ्यांकडे, दुसऱ्या गावांच्या बाजारात. पॉट हातात आला की पाठ करून, खिडकीशी जाऊन उघडायचा आणि आतून बघायचा. कधीकधी बघून झाल्यावर तो बराच वेळ तसाच उभा राहायचा. असे पॉट विकायला यायचे नाहीत. "धातू खराब आहे," तो म्हणायचा, आणि हातोड्याने ते चपटे करायचा. इतक्या जोरात, की तीच म्हणायची, अहो, पुरे, मेलं ते.

फडताळात त्याचा एक डबा होता, रेडिओच्या नॉबांचा. काळे, बदामी, कडेला खाचा असलेले. पॉटच्या झाकणाचा गोळा बहुधा तुटलेलाच असतो. तिने एकदा म्हटलं होतं, ते नॉब बसवा की, छान दिसतील. त्याने डबा वरच्या खणात ठेवला, तिचा हात पोचणार नाही असा.

डब्यातल्या नॉबांना कॉफीचा वास यायचा. घरात सगळ्यालाच यायचा.

मावशीचा पॉट

दुपारी एक नर्सबाई आल्या. सकाळपाळी संपवून तशाच आलेल्या, पायांत पांढरे बूट, हातात पिशवी. त्यांची नजर कॉलरच्या वर जेवढं दिसत होतं तेवढ्यावर क्षणभर थांबली आणि न विचारता त्या उजव्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या.

त्यांना विकायचं नव्हतं, घ्यायचं नव्हतं. मावशी गेली. मावशीच्या माळ्यावर हा पॉट निघाला. लहानपणी सुट्टीत मावशी त्यांना नदीवर न्यायची, तीन दगड मांडायची आणि यात कॉफी करायची. पोरांनाही द्यायची, आईला सांगू नका म्हणायची. तशी कॉफी पुन्हा कधी प्यायले नाही, नर्सबाई म्हणाल्या. चालू होतो का बघाल? इथंच, उघड्यावर?

पिशवीतून पॉट निघाला. खालून काजळी धरलेला, मूठ एका बाजूने वितळलेली. झाकणावर गोळ्याच्या जागी रेडिओचा नॉब. बदामी, कडेला खाचा.

तिला हसू आलं. "हे बघा," ती घड्याळवाल्याला म्हणाली, "आमच्या यांच्यासारखं डोकं आणखी कुणाचं तरी आहे." नवरा बाजाराच्या दुसऱ्या टोकाला, एका घर-रिकामे-करणाऱ्याच्या खोक्यांत डोकं घालून बसला होता. आला की दाखवू, तिने ठरवलं.

मग तिने पॉट पिळून उघडला आणि तोंड उजेडाकडे धरलं.

नर्सबाईंनी पुढे होऊन तिच्या कोपराला हात लावला.

"काय झालं?"

तिने खिशातून एक चपटी डबी काढली. त्या डबीत तिचा स्वतःचा व्हॉल्व्ह असायचा, भिंतीतून उपसलेला. तिने तो पॉटच्या तोंडाशी धरला. मसुराचा दाणा. आत दुसरा मसुराचा दाणा. एकाच हातचे, एकाच सुबकपणे घासलेले.

तिचा राग इतकी वर्षं उभा होता तो एका धुरकट आकृतीसमोर. आता त्याला जमीन लागली. तिच्या पायांतून, पोटातून, चुरगळलेल्या कातडीखालून तो वर चढला, आणि तिच्या लक्षात आलं की हा आनंद आहे.

"हे कुणी केलं?"

नर्सबाईंना ठाऊक नव्हतं. मावशीने कुणाकडून तरी दुरुस्त करून आणला होता, खूप वर्षं झाली. नॉबही त्यानेच बसवला. नंतर मावशीचे गुडघे गेले, नदी सुटली, पॉट माळ्यावर गेला.

"म्हातारा होता ना? टोपी घालायचा?"

"नाही हो. तरणा मुलगा होता म्हणायची. फार मन लावून काम करायचा म्हणे. पैसेसुद्धा घेतले नाहीत, म्हणाला, एवढंसं तर काम."

"टोपी होती," ती म्हणाली.

"असेल."

"खोकायचा."

नर्सबाई तिच्याकडे बघत राहिल्या. इस्पितळात असं बोलणारी माणसं त्यांनी पाहिली असणार. त्या म्हणाल्या, "असेल, ताई."

तिने पान्याने व्हॉल्व्ह पिळून काढला. सहज निघाला नाही. तिने दात आवळून, सगळं अंग लावून तो फिरवला. पेटीतून नवा व्हॉल्व्ह घेऊन बसवला, फुंकून बघितला, वॉशर बदलला. जुना खिशात टाकला. नवरा येईल. त्याच्या हातात आधी या पॉटमधली कॉफी द्यायची, मग मूठ उघडायची. सापडला, म्हणायचं. माग तरी सापडला. तो काय म्हणेल ते तिला ठाऊक नव्हतं, पण त्याचं तोंड कसं होईल ते ती आताच बघू शकत होती. इतकी वर्षं तोही शोधत होता.

कढत पाणी. सैल कॉफी. बोटाने सपाट. पत्र्याचा आडोसा. बारीक आच.

व्हॉल्व्ह भिंतीकडे.

नर्सबाईंनी डोळे मिटून वास घेतला. वाऱ्यात मागे-पुढे होणारा कॉफीचा तो पहिला वास, अजून कॉफी वर आलेली नसतानाचा.

नवरा

तो दोन रांगांमधून येत होता, छातीशी खोकं धरून, त्यावरून समोर बघत. गुडघ्यांमुळे तो नेहमी एक पाय जरा ओढून चालायचा.

खोकं पडलं. त्यातलं काय काय पत्र्यासारखं वाजलं. तो पळत आला. त्याला पळताना तिने कधी पाहिलं नव्हतं. नर्सबाईंना त्याने खांद्याने बाजूला लोटलं, आडोसा लाथेने उडवला, पेटत्या शेगडीवरचा पॉट उघड्या हाताने खालच्या डब्याला धरून उचलला आणि भिंतीकडे, मोकळ्या जागेत भिरकावला. मग वळून, भिंतीकडे पाठ करून, हात पसरून तिच्या पुढ्यात उभा राहिला. त्याचे डोळे घट्ट मिटलेले होते.

पॉट भिंतीशी पडला होता. झाकण उघडं. थोडी कॉफी मातीत सांडली, थोडी वाफ. दुसरं काही झालं नाही.

"व्हॉल्व्ह बंद आहे त्याचा," तो म्हणाला. धाप लागलेल्या आवाजात, अगदी हळू.

घड्याळवाल्याची सगळी घड्याळं एकदम ऐकू यायला लागली.

"कुणी सांगितलं?" तिने विचारलं.

त्याने डोळे उघडले. "काय?"

"बंद आहे म्हणून कुणी सांगितलं?"

"दिसतो ना."

तिने पॉट जिथं होता त्या शेगडीकडे बघितलं. मग तो ज्या बाजूने पळत आला तिकडे. मग भिंतीकडे, जिकडे व्हॉल्व्हचं तोंड होतं. त्यानेही तसंच बघितलं, त्याच क्रमाने. मग त्याची नजर मातीत पडलेल्या झाकणावरच्या नॉबवर गेली आणि तिथून हलली नाही.

"ओळखता का तुम्ही हा पॉट?" नर्सबाईंनी विचारलं. त्या खांदा चोळत होत्या. "मावशीचा आहे माझ्या."

त्याने मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही.

ती भिंतीशी गेली. फडक्याने पॉट उचलला, माती पुसली, ओलं फडकं गुंडाळून निववला, उघडला. पुन्हा पाणी भरलं. पुन्हा कॉफी, बोटाने सपाट. गच्च पिळून बंद केला. तिचे हात इतके शांत होते की घड्याळवाल्याने स्टुलावरून उठून दोन पावलं पुढे टाकली, आणि तिथंच थांबला.

तिने आडोसा नीट केला. शेगडी पेटवली. पॉट ठेवला. नर्सबाईंना हाताने धरून आपल्या उजव्या बाजूला, मागे घेतलं.

मग तिने पॉटची मूठ धरली आणि तो फिरवला. भिंतीपासून. व्हॉल्व्ह नवऱ्यासमोर येईपर्यंत.

"इथं उभा राहा," ती म्हणाली.

लग्नापासून ती त्याला अहो म्हणत आली होती. घड्याळवाल्याने मान खाली घातली.

तो येऊन उभा राहिला. शेगडीच्या पलीकडे, हाताच्या अंतरावर. वाऱ्याने त्याचा शर्ट पाठीशी फडफडत होता.

"अगं, तू तरी लांब हो," तो म्हणाला. "यांना घेऊन लांब हो."

"हलू नकोस."

तो हलला नाही. तिने खिशातला जुना व्हॉल्व्ह काढून डाव्या मुठीत घट्ट धरला. आच बारीक होती. उघड्यावर वेळ लागतो. घाई केली की कॉफी बिघडते आणि तिला घाई नव्हती. तो व्हॉल्व्हकडे बघत होता. एकदा त्याने ओठ ओले केले. एकदा त्याचा हात, भाजलेला, आपोआप चेहऱ्याकडे निघाला आणि त्याने तो परत खाली नेला. पॉटच्या आत पाणी कुरकुरायला लागलं तेव्हा त्याने हनुवटी किंचित वर केली आणि मान उजवीकडे वळवली. डावा कान पुढे आला. डावा गाल, डावा गळा.

तिने ते पाहिलं.

नळीतून कॉफी आली. मधासारखी, दोऱ्याएवढी, आवाज न करता. वरच्या भांड्याचा तळ झाकला गेला. धार फिकट होईपर्यंत तिने वाट पाहिली, मग ज्योत बंद केली आणि पॉट ओल्या फडक्यावर ठेवला. फडकं चरचरलं. तो दचकला.

मग तिने डावी मूठ उघडली. मुठीत इतका वेळ धरलेल्या व्हॉल्व्हची कड तळव्यात उमटली होती. तिने तो शेगडीच्या कडेला ठेवला. त्याच्या शेजारी, डबीतून काढून, आपला स्वतःचा.

दोन मसुराचे दाणे.

तो बघत राहिला. मग सवयीने, शेगडीला वळसा घालून, तो तिच्या उजव्या बाजूला आला. तिला वाटलं, तो आता काहीतरी लांबलचक बोलेल. गळत होता, रेडिओत काही सुटलं की सोल्डर मारायची सवय, कळलं नाही, किती जणांचे केले तेही आठवत नाही, एकेक शोधून आणतोय. हे सगळं तिला ऐकू आलं, तो न बोलताच.

"टोपी कसली होती?" तिने विचारलं.

वाऱ्याने आडोशाचा पत्रा वाजत होता.

"टोपी नव्हती," तो म्हणाला.

तिने मान डोलावली, एखाद्याने वेळ सांगितल्यासारखी.

नर्सबाई पुढे झाल्या. त्यांनी त्याचा उजवा हात मनगटाशी धरून उलटा केला. तळवा लाल होऊन फुगायला लागला होता, बोटांच्या पेरांवर पॉटच्या कडा उठल्या होत्या. "याला गार करायला हवं, लगेच," त्या म्हणाल्या. "पाणी आहे का? ओलं काहीतरी?"

पाणी सगळं कढत होतं. ओलं फडकं एकच होतं आणि त्यावर पॉट होता.

तिने फडक्याकडे बघितलं. मग तिने पॉट उचलला, नर्सबाईंसाठी कप भरला, आणि झाकणाचा नॉब चिमटीत धरून हलवून बघितला. पक्का होता.

"हा राहू द्या असाच," ती त्यांना म्हणाली. "निघणार नाही."

फडकं तिने तिथंच राहू दिलं.